शुगर नाही, पण तहान आहे

वस्तीतल्या आरोग्य बैठकीत आपण बायकांना बरंच काही विचारतो. पाळी वेळेवर येते का, अंगावरून पांढरं जातं का, चक्कर येते का, कंबर दुखते का. हिमोग्लोबिन तपासतो, ब्लडप्रेशर घेतो, साखर बघतो. पण एक साधा प्रश्न आपल्या यादीत सहसा नसतो. ‘दिवसभरात पाणी किती पिता आणि रात्री लघवीला किती वेळा उठता?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारला गेला पाहिजे, असं माझं मत आहे. ते मांडण्यासाठी एका दुर्मीळ आजाराबद्दल लिहिते आहे. आजार दुर्मीळ असला तरी तो बाईच्या वाट्याला आला की जे घडतं, ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

आजाराचं नाव डायबेटिस इन्सिपिडस. नाव ऐकलं की कोणीही म्हणेल, ‘म्हणजे शुगरच ना?’ साखरेशी याचा काहीही संबंध नाही. ‘डायबेटिस’ हा मूळचा ग्रीक शब्द, आरपार वाहून जाणं अशा अर्थाचा. लघवी भरपूर होणाऱ्या दोन वेगळ्या आजारांना तो चिकटला. जुन्या काळी युरोपातले वैद्य लघवीची चव घेऊन निदान करत. गोड लागली तर मेलिटस, म्हणजे मधासारखी. बेचव लागली तर इन्सिपिडस. आपल्याकडे आयुर्वेदातही प्रमेहाच्या २० प्रकारांत मधुमेहापेक्षा वेगळा असा ‘उदकमेह’ सांगितला आहे, पाण्यासारखी स्वच्छ आणि भरपूर लघवी होणारा. म्हणजे लघवी गोड नसली तरी आजार असू शकतो, हे जुन्या वैद्यांना ठाऊक होतं. आजच्या दवाखान्यात मात्र साखर नॉर्मल आली की विषय संपतो.

हा आजार नेमका काय आहे? आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत शरीरात घेतात. शेवटच्या टप्प्यावर किती पाणी राखायचं, याचा हुकूम मेंदूतून येतो. व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक मेंदूत तयार होतं आणि वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून रक्तात सोडलं जातं. ते कमी पडलं, किंवा ते येऊनही मूत्रपिंडांनी त्याला दाद दिली नाही, तर पाणी राखलं जात नाही. निरोगी माणसाला दिवसाला साधारण एक ते दोन लिटर लघवी होते. या आजारात ती तीन लिटरच्या पुढे जाते आणि काही जणांत १५ लिटरच्याही वर. गेलेलं पाणी भरून काढायला तहान लागते. ही तहान घसा कोरडा पडण्यापुरती नसते. माणूस झोपेतून उठून माठाकडे धावतो. बऱ्याच जणांना थंडगार पाणीच हवंसं वाटतं. पाणी मिळत राहिलं तर माणूस तगून राहतो. ते थांबलं तर काही तासांत रक्तातलं सोडियम वाढू लागतं, गोंधळ उडतो, शुद्ध हरपते, जीवही जाऊ शकतो.

माझ्या कामाच्या वस्तीतल्या एका बाईंची हकीकत सांगते. नाव देत नाही. वय तिशीच्या आसपास, चार घरी स्वयंपाकाचं काम. दोन-तीन महिन्यांत तहान एकदम वाढली. कामाच्या घरी दर अर्ध्या तासाने पाणी मागायच्या. एका घरी त्यांना सांगण्यात आलं, की फ्रीजमधल्या बाटल्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या घरी संडास वापरायची परवानगी नव्हती, ते काम त्यांनी स्वतःच सोडलं. रात्री पाच-सहा वेळा उठावं लागे. वस्तीत संडास सार्वजनिक, तेही गल्लीच्या टोकाला. बाई रात्री इतक्या वेळा बाहेर का जाते, यावरून नवऱ्याने संशय घ्यायला सुरुवात केली. सासू म्हणाली, एक हंडा हिलाच लागतो, बाकीच्यांनी काय प्यायचं? दवाखान्यात दोनदा साखर तपासली, दोन्ही वेळा नॉर्मल. ‘सवय लागली आहे, पाणी कमी प्या,’ असा सल्ला मिळाला. त्यांनी तो प्रामाणिकपणे पाळून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी कामावर चक्कर येऊन पडल्या. मग कोणीतरी म्हणालं, हिच्या डोक्यातच काहीतरी आहे.

डोक्यातच होतं, पण त्या अर्थाने नाही. त्यांच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये साखरेच्या रकान्याखाली ‘स्पेसिफिक ग्रॅव्हिटी’ असा एक रकाना होता. लघवी किती दाट, किती पातळ ते त्यावरून कळतं. आकडा होता १.००२, म्हणजे जवळजवळ पाणीच. चोवीस तासांची लघवी मोजली तर नऊ लिटर भरली. मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या, मेंदूचा एमआरआय झाला आणि व्हॅसोप्रेसिनची कमतरता असल्याचं निदान झालं. कारण सापडलं नाही. पुष्कळ रुग्णांमध्ये ते सापडत नाही. डेस्मोप्रेसिनची गोळी सुरू झाली आणि पहिल्याच रात्री त्या सलग चार तास झोपल्या. मला म्हणाल्या, ‘ताई, मला वाटलं होतं मीच हावरी झाले.’

या ‘हावरी’ शब्दापाशी थांबून विचार करायला हवा. तहान लागणं हा बाईचा दोष कसा झाला?

मैत्रिणींनो, आपल्याकडे बाईची तहान आणि लघवी या दोन्हींवर लहानपणापासून पहारा असतो. शाळेतल्या मुलींना विचारा, किती जणी सकाळपासून पाणी पीत नाहीत. भाजी विकणाऱ्या, बांधकामावरच्या, एसटीने लांबचा प्रवास करणाऱ्या बायकांना विचारा. उत्तर एकच येतं, जायची सोय नाही म्हणून पीत नाही. मुंबईत २०११पासून ‘राइट टू पी’ या नावाने अनेक संस्थांनी मिळून मोहीम चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, हा साधा अन्याय त्यांनी चव्हाट्यावर आणला. २०१५ साली ‘मिळून साऱ्याजणी’च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारण्याचे निर्देश दिले. ही लढाई आपलीच होती आणि अजून संपलेली नाही.

ज्या बाईला पाणी आवरून धरता येतं, तिच्या वाट्याला सोय नसली की त्रास येतो, मूत्रमार्गाचे आजार येतात. डायबेटिस इन्सिपिडस झालेल्या बाईला पाणी आवरताच येत नाही. म्हणजे ज्या युक्तीवर आपल्या समाजाने बायकांची गैरसोय निभावून नेली, तीच युक्ती हिच्या जिवावर उठते. एका हंड्यात साधारण बारा ते पंधरा लिटर पाणी मावतं. टँकरच्या गावात, जिथे घरातल्या प्रत्येकाचं पाणी बाईच डोक्यावरून आणते, तिथे तिने स्वतःसाठी दिवसाला पाऊण हंडा पाणी पिऊन टाकावं, हे घरात कोणाला पटेल? हरतालिकेचा निर्जळी उपवास, रमजानचे रोजे, यांतही ती ‘एक दिवस कळ काढ’ म्हणून ओढली जाईल. तिने कळ काढता कामा नये आणि तिच्या घरच्यांना हे ठणकावून सांगणारं कोणीतरी हवं.

या आजाराची काही कारणं तर थेट बाईच्या आयुष्यातलीच आहेत. गरोदरपणात वारेतून एक द्रव्य तयार होतं, ते शरीरातलं व्हॅसोप्रेसिन मोडून टाकतं. बहुतेकींचं शरीर त्याची भरपाई करतं. क्वचित एखादीला ते जमत नाही आणि शेवटच्या महिन्यांत तहान-लघवी बेसुमार वाढते. यकृताचा त्रास किंवा गरोदरपणातला रक्तदाब असेल तर हा धोका अधिक. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत हे सहसा आपोआप थांबतं, आणि डेस्मोप्रेसिन वारेतल्या त्या द्रव्याला पुरून उरत असल्याने उपचारही करता येतो. पण ‘दोन जिवांची आहे, जावंच लागणार’ असं म्हणून सगळे गप्प बसले, तर तिला तपासणार कोण?

दुसरं कारण डोक्याला लागलेला मार. अपघातात जसं लागतं तसंच घरातल्या मारहाणीतही लागतं. डोकं भिंतीवर आपटलेल्या बाईची जखम आपण बघतो, पोलिसांत नोंदवतो. त्यानंतरच्या दिवसांत तहान वाढली का, हे विचारत नाही. समुपदेशन केंद्रातल्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न आपल्या नोंदीत घालावा. तिसरं, मानसिक आजारावर दिलं जाणारं लिथियम. हे औषध अनेकांना उपयोगी पडतं, त्यामुळे ते मनाने बंद करू नये. पण बरीच वर्षं घेतल्यावर त्यामुळे मूत्रपिंडं व्हॅसोप्रेसिनला दाद देईनाशी होऊ शकतात. मानसिक आजाराचा शिक्का बसलेली बाई ‘मला सारखी तहान लागते’ म्हणाली, की ते तिच्या वेडाच्या खात्यात जमा होतं. तिचं ऐकायला कोण बसलं आहे?

चौथी गोष्ट आनुवंशिक प्रकाराची. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आईकडून मुलाकडे येतो. आईमध्ये लक्षणं नसतात किंवा सौम्य असतात, मुलाला मात्र तान्हेपणापासून ताप, उलट्या, बद्धकोष्ठ होतं, वजन वाढत नाही. अशा घरात आईला काय ऐकावं लागतं ते सांगायला नको. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, हे सांगण्यात आपण किती वर्षं घालवली! इथे जनुक खरोखरच आईकडून आलेलं असतं. म्हणून आपल्याला आणखी एक पाऊल पुढे जाऊन सांगावं लागेल, की वारशाने काही येणं म्हणजे गुन्हा नव्हे. नाक आईकडून आलं तर कोणी तिला जाब विचारत नाही.

आता रुग्णालयाबद्दल. २००९ साली लंडनमधल्या एका रुग्णालयात २२ वर्षांचा तरुण खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होता. त्याला हा आजार होता आणि त्याची नोंदही होती. तरी त्याचं नेहमीचं औषध त्याला दिलं गेलं नाही. तहानेने कासावीस होऊन त्याने वॉर्डातून पोलिसांना फोन केला. तो गोंधळलेला, आक्रमक झालेला पाहून त्याला गुंगीचं औषध देण्यात आलं, आणि शरीरातलं पाणी संपून तो मेला. २०१२ साली मृत्यूच्या चौकशीत हलगर्जीपणावर बोट ठेवलं गेलं. २०१६ साली इंग्लंडच्या आरोग्यसेवेने डेस्मोप्रेसिन चुकलं किंवा उशिरा दिलं तर रुग्ण दगावू शकतो, असा इशारा सर्व रुग्णालयांना पाठवला. श्रीमंत देशात, शहाण्यासुरत्या, बोलू शकणाऱ्या तरुणाचं हे झालं. आपल्याकडे कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी-तहानलेल्या, रांगेत झोपवलेल्या बायका आठवा.

या गोंधळात नावाचा वाटा मोठा आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १०३४ रुग्णांनी भाग घेतला. त्यांतल्या ८० टक्क्यांनी सांगितलं, की आपला आजार साखरेचा समजून डॉक्टर-नर्सकडून गल्लत झाली. ८५ टक्क्यांना नाव बदलायला हवं होतं. त्याच वर्षी अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नवी नावं सुचवली: ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी’ आणि ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन रेझिस्टन्स’. रुग्णांचं ऐकून आजाराचं नाव बदललं जातं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ‘अपंग’, ‘विधवा’, ‘वेश्या’ या शब्दांवर आपण ज्या कारणासाठी भांडलो, तेच कारण इथेही आहे. शब्द चुकला की वागणूक चुकते. पण ही लांबलचक इंग्रजी नावं वस्तीत चालणार नाहीत. तिथे आपण सरळ ‘पाणी न राखण्याचा आजार’ म्हणू या.

काही कार्यकर्त्या विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे, की रक्तक्षय, कुपोषण, कर्करोग एवढं समोर असताना या दुर्मीळ आजारासाठी ताकद का घालवायची? हा आजार साधारण २५ हजारांत एकाला होतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. ढोबळ हिशेबाने आपल्या राज्यात साडेचार हजार तरी माणसं या तहानेसह जगत असतील. त्यांतल्या किती बायकांना निदान मिळालं असेल? शिवाय तहान-लघवीचा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. त्याच प्रश्नातून साखरेचा मधुमेहही हाती लागतो, मूत्रमार्गाचा संसर्गही लागतो. आणि या साडेचार हजारांसाठी मागितलेला संडास आणि पिण्याचं पाणी सगळ्याच बायकांच्या उपयोगी पडतं.

मग आपण काय करायचं? माझ्या सूचना अशा आहेत.

आरोग्य बैठकीत, आशाताईंच्या भेटीत, समुपदेशनात तहान आणि रात्रीचं उठणं हमखास विचारावं. साखर नॉर्मल आणि तहान मात्र कायम, अशी बाई आढळली तर एक-दोन दिवस पाणी आणि लघवी मापाच्या भांड्याने मोजून लिहून ठेवायला मदत करावी. तीन लिटरच्या वर लघवी भरली तर ते टिपण आणि लघवीचा रिपोर्ट घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जावं. मुंबईच्या केईएमसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींचा स्वतंत्र विभाग आहे. जास्त पाणी पिणाऱ्या प्रत्येकीला हा आजार असतोच असं नाही, काहींना सवयीनेही तहान लागते. तो निवाडा डॉक्टरांनी करायचा. पाणी तोडून करायची एक तपासणी असते, ती रुग्णालयात देखरेखीखालीच होते. घरी कोणीही पाणी बंद करून ‘बघू’ नये.

निदान झालेल्या बाईजवळ मराठीत लिहिलेलं एक कार्ड असावं: ‘मला साखरेचा आजार नाही. माझं शरीर पाणी राखत नाही. माझं पाणी आणि डेस्मोप्रेसिन बंद करू नका. तोंडाने पाणी देता येत नसेल तर ताबडतोब डॉक्टरांना बोलवा.’ ती रुग्णालयात दाखल झाली तर गटातली एक मैत्रीण हे कार्ड घेऊन तिच्या उशाशी असावी. औषध घेणाऱ्या बाईलाही एक गोष्ट सांगायला हवी. गोळी चालू असताना जुन्या सवयीने हंडाभर पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, मळमळ, गुंगी, झटके अशी लक्षणं दिसली तर लगेच रुग्णालय गाठावं. आणि मूत्रपिंडं दाद देत नाहीत त्या प्रकारात ही गोळी सहसा चालत नाही. तिथे मीठ कमी करणं आणि वेगळी औषधं लागतात.

आता मागण्या. डेस्मोप्रेसिन महिन्याच्या महिन्याला, बहुतेकींना आयुष्यभर लागतं. ते प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कायम आणि मोफत मिळालं पाहिजे. २०१६च्या अपंगत्व कायद्यातल्या २१ प्रकारांत हा आजार नाही. त्यामुळे कामाच्या ठिकाणी, परीक्षेच्या वर्गात, एसटीत पाणी आणि संडास मागायला हिच्या हाती कागद नाही. घरकामगार संघटनांनी आपल्या मागण्यांत ‘कामाच्या घरी पिण्याचं पाणी आणि संडास वापरण्याचा हक्क’ हे कलम घालावं, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वस्तीतले सार्वजनिक संडास रात्री उघडे आणि उजेडात असावेत, ही मागणी तर जुनीच आहे. ती पुन्हा मांडू या.

आधारगट म्हटलं की आपल्याला मोठी संस्था डोळ्यांसमोर येते. या आजाराच्या दहा बायका एका तालुक्यात मिळणार नाहीत, म्हणून वेगळा गट निघणं कठीण. पण बचतगट आहेत, महिला मंडळं आहेत, समुपदेशन केंद्रं आहेत. त्यांतल्या दोघी-तिघींना हा आजार नीट समजला, तरी सासूशी बोलणारं, नवऱ्याच्या संशयाला सामोरं जाणारं, मालकिणीला समजावणारं माणूस तिला मिळालं. औषध रुग्णालयातून येईल, घरातला आणि गल्लीतला आधार आपल्यालाच उभा करावा लागेल.

तहान लागलेल्या बाईला ‘किती पितेस!’ म्हणण्याआधी ‘किती दिवस झाले?’ असं विचारायला आपण सुरुवात करू या. पुढच्याच बैठकीपासून.